भूतानला रस्त्याने जाताय? आधी इलेक्शन कार्ड शोधा

अरे, दादरहून निघताना तुझ्या फोल्डरमध्ये आधार, पॅन, लायसन्स असं सगळं असेल, पण भूतानच्या हद्दीतल्या फुंतशोलिंग या सीमेवरच्या गावात, इमिग्रेशन काउंटरवर त्यातलं काहीच चालत नाही. तिथे लागतो पासपोर्ट, निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, नाहीतर इलेक्शन कार्ड. आमच्या ग्रुपमधले एक काका आधार पुढे करून हुज्जत घालत बसले. खिडकीतला माणूस शांतपणे हसला आणि म्हणाला, "नेक्स्ट." शेवटी काकांच्या बॅगेच्या तळाशी जुनं, कडा सुटलेलं इलेक्शन कार्ड सापडलं, म्हणून बरं! तुझं कार्ड आजच कपाटातून काढ, आणि त्यावरचं नाव हॉटेल बुकिंगवरच्या नावाशी जुळतंय ना, तेही बघ.

मुलगी लहान आहे ना? मग तिचा जन्मदाखला घे, मूळ प्रत. लॅमिनेट केलेल्या झेरॉक्सच्या भरवशावर जाऊ नकोस.

पैशाचं म्हणशील तर भारतीयांना माणशी दर रात्री १२०० रुपये पर्यटन शुल्क पडतं, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं. त्यामुळे रात्री मोजूनच बेत आखायचा. काउंटरवर मिळणाऱ्या प्रवेश परमिटच्या दोन-तीन झेरॉक्स काढ, फुंतशोलिंगच्या पुढे रिंचेंडिंगच्या तपासणी नाक्यावर ते परत तपासतात.

आणि हासिमाराला ट्रेनमधून उतरून, सीमेच्या अलीकडच्या जयगावात रमतगमत जेवत बसू नकोस, काउंटरवर पोहोचायला उशीर होईल. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. आपल्याकडे साडेचार, म्हणजे सीमेवरच्या कमानीपलीकडे पाच वाजलेले असतात.