वाकडला नवीन आहात, पाच महिन्यांच्या बाळासाठी पेडी (लहान मुलांचा डॉक्टर) कसा निवडाल

तुम्ही लिहिलंय की जॉबमुळे नाशिकहून पुण्यात वाकडला आलात आणि गुगलवर सगळ्याच दवाखान्यांना भरपूर स्टार दिसतायत. स्टार बाजूला ठेवा. सोसायटीत खाली लहान मुलं घेऊन आया-आज्ज्या बसतात ना, त्यांना विचारा, पण 'चांगला कोण' असं नको, 'रात्री ताप चढला तेव्हा डॉक्टरांनी फोन घेतला का' असं विचारा.

डॉक्टर जवळचाच हवा, यावर मी ठाम आहे. डेक्कनला कितीही नावाजलेले असले तरी उलट्या करणारं बाळ घेऊन संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तिथवर जाणं म्हणजे बाळाचे हाल. पाटीवर नुसतं 'बालरोगतज्ज्ञ' बघून जाऊ नका, पुढे एमडी किंवा डीएनबी पीडियाट्रिक्स, नाहीतर डीसीएच (या लहान मुलांच्या डॉक्टरकीच्या पदव्या-डिप्लोमा) आहे का ते बघा.

आणि बाळ आजारी पडायची वाट बघू नका हो, आत्ता ठणठणीत असतानाच एकदा जाऊन या. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस देता येते, ती सरकारी यादीत नाही पण बरेच पेडी सुचवतात, तिच्याबद्दल विचारायच्या निमित्ताने जा. वजन, उंची आणि डोक्याचा घेर मोजून चार्टवर मांडतात का, नाशिकचं लसीचं कार्ड नीट वाचतात का, नऊ महिन्यांची गोवर-रुबेला महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते हे स्वतःहून सांगतात का, एवढ्यावरून बरंच कळतं. तापाच्या औषधाचंही तेव्हाच विचारून घ्या, पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो आणि ड्रॉप्स सिरपपेक्षा बरेच स्ट्राँग असतात, त्यामुळे कुठली बाटली आणि किती एमएल हे कागदावर लिहूनच घ्या.

साध्या सर्दीला लगेच अँटिबायोटिक आणि खोकल्याचं सिरप लिहिणारे असतील तर मी तरी दुसरा डॉक्टर बघेन. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी कफ सिरपने लहान मुलं दगावली, त्या प्रकारानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका असं स्पष्ट सांगितलंय. नाक चोंदलं तर सलाईनचे थेंब घालायला सांगून 'दूध पितंय ना, श्वास जोरात नाही ना' असं विचारणारे डॉक्टर मला जास्त भरवशाचे वाटतात.

रविवारी दवाखाना बंद असेल तर कोणाकडे जायचं आणि ॲडमिट करायची वेळ आली तर ते कुठे पाठवतात, तिथे लहान मुलांचा आयसीयू आहे का, हेही पहिल्याच भेटीत विचारा.