आखाजीला (अक्षय्य तृतीयेच्या सणाला) लेक कुणाकडे?
भाऊ, घटस्फोटाला तीनच महिने झालेत तुमच्या, आणि लेकरू कुणाकडे यावरून वाद होतात, म्हणून सांगते. आधी स्वतःचा स्वभाव ओळखा. तुम्ही तापट, लेकराची आई अबोल. तुमचा आवाज चढला की त्या गप्प होतात, आणि ते गप्प राहणं तुम्हाला मुद्दाम केल्यासारखं वाटतं. आमचंही असंच होतं. एका आखाजीला लेक धुळ्याला की जळगावला, या वादात ती सणाच्या झोक्यावर बसलीच नाही. अजून सलतं ते. मेसेज रात्री लिहा, सकाळी पुन्हा वाचून मगच पाठवा. त्यांना लेकराला नेण्याच्या दोन तारखा आधीच कळवा, एक निवडायला सोपं जातं. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 26 नुसार लेकराच्या ताब्याचा कोर्टाचा आदेश पुढे बदलून मागता येतो, पण त्याआधी महिनाभर हे करून बघा. आणि निरोप लेकराहाती धाडू नका, भाऊ.