मॅच झाली, व्हिसा अडला

मार्च उलटला की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. अमेरिकेत रेसिडेन्सीची, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या प्रशिक्षणाची, जागा मिळाली, पण 1 जुलैच्या आत व्हिसा हातात पडला नाही तर जागा जाते का? 2025 च्या जूनमध्ये हाच प्रश्न घेऊन आलेल्या मुलीची ही हकिकत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वडील मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. मुलीनं स्टेप 1, स्टेप 2 सीके या अमेरिकेच्या डॉक्टरी परीक्षा आणि ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, सगळ्या पहिल्या फटक्यात काढल्या होत्या. 21 मार्चला तिची इंटर्नल मेडिसिनमध्ये मॅच झाली, म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलांच्या पसंतीक्रमातून जागा ठरली. अमेरिकेबाहेर शिकलेल्या परदेशी डॉक्टरांपैकी त्या वर्षी शंभरात साधारण 58 जणांनाच जागा मिळाली होती. गल्लीभर पेढे गेले.

पासपोर्टवरचं आणि डिग्रीवरचं नाव जुळत नव्हतं. ते निस्तरण्यात एप्रिल गेला, मग पुढचे सगळे कागद लांबले. 27 मे रोजी अमेरिकेनं जे-1, म्हणजे रेसिडेन्सीसारख्या प्रशिक्षणासाठीचा, आणि विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणंच थांबवलं, तेव्हा तिच्याकडे तारीख नव्हती.

"रात्रभर दर पंधरा मिनिटांनी साइट बघते, मॅडम," ती म्हणाली.

"हॉस्पिटलला कळवलंस?"

मान खाली. दोन आठवडे तिनं अवाक्षर कळवलं नव्हतं. ही मुलगी कटकटीची आहे असं त्यांना वाटेल, ही भीती. वडिलांचंही तेच. "कधी निघायचं पोरीचं?" असं कुणी विचारलं की ते विषय बदलत. मला म्हणाले, "मॅडम, पेढं वाटून बसलोय, आता काय सांगायचं लोकांस्नी?"

व्हिसा त्या दोघांच्या हातात नव्हता. पण ही लपवाछपवी त्यांचीच होती आणि तीच त्यांना जास्त पोखरत होती, असं माझं स्पष्ट मत झालं. मेल तिथंच बसून लिहायला लावला. पाचच ओळी, पण त्याला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: कळवलंत ते बरं झालं, पहिल्या महिन्याच्या ड्युट्या बदलून ठेवतो.

मॅचचं बंधन दोन्ही बाजूंना असतं. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेकडून सूट घेतल्याशिवाय हॉस्पिटलच्या प्रोग्रामला ती जागा परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. उशिरा रुजू करून घ्यायचं का आणि किती दिवस थांबायचं, हे मात्र प्रत्येक प्रोग्राम आपलं आपण ठरवतो. म्हणून त्यांना आधी कळायला हवं.

वडिलांच्या मनात आणखी एक सल होता. "जे-1 वर शिकलं की दोन वर्षं परत यावं लागतंय म्हणं. मग एवढं करून काय उपेग?" नियम तसा आहे खरा. त्यातून सूट हवी असेल तर डॉक्टरांची वाण असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं, आणि अशा शिफारशी प्रत्येक राज्याला वर्षाला फक्त 30. एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी स्टेप 3 ही पुढची परीक्षा आधीच लागते. शिवाय या भेटीनंतर, सप्टेंबर 2025 मध्ये, त्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, त्यामुळे ती वाट आणखी अवघड झाली.

दोन वर्षांच्या नियमाचं मी सांगत होते तेवढ्यात मुलगीच बोलली, "बाबा, दोन वर्षं इथं सीपीआर हॉस्पिटलला पेशंट बघितले तर ते वाया कसं जाईल?" ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. पुढच्या भेटीत त्यांनी सांगितलं, अडतीवर विचारलं एकानं, मी म्हटलं व्हिसा यायचाय अजून, आला की सांगतो.

18 जूनच्या सुमारास तारखा पुन्हा सुरू झाल्या, त्यात जे-1 डॉक्टरांना प्राधान्य होतं. सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची अट नव्यानं आली होती. महालक्ष्मी एक्सप्रेसनं बापलेक मुंबईला गेले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ती रुजू झाली.

यंदा अर्ज करणाऱ्यांनी पासपोर्ट, डिग्री आणि परदेशी डॉक्टरांची प्रमाणपत्रं तपासणाऱ्या ईसीएफएमजीकडची नोंद आजच शेजारी शेजारी ठेवून बघा. वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, आडनाव भलत्याच रकान्यात, असं आपल्याकडे फार होतं. आणि दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडून जे-1 साठी लागणाऱ्या 'स्टेटमेंट ऑफ नीड' या पत्राचा अर्ज मॅच झाल्याच्या आठवड्यातच करा, पेढे वाटून झाल्यावर लगेच.