शेवटच्या रात्री बोलले ते

प्रश्न : ताई, मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. गेल्या महिन्यात आमचं वर्षावनात नऊ दिवसांचं अभ्यास शिबिर झालं. माझ्याबरोबर आणखी अठरा जण होते. फोन बंद. दिवसभर आखलेल्या चौकोनांतली रोपटी मोजायची आणि रात्री गोल करून बसायचं. शेवटच्या रात्री प्रत्येकाने ‘मी काय गमावलं’ ते सांगायचं ठरलं. माझा भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला, त्याबद्दल मी बोलले. घरीसुद्धा इतकं कधी बोलले नव्हते. सगळे रडले, जवळ घेतलं. आता ग्रुपवर नुसते फोटो येतात, त्या रात्रीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मला लाज वाटते आणि रागही येतो. ते सगळं खरं होतं की अंधाराचा परिणाम? आणि सगळं सोडून जंगलातच काम करावं असं सारखं वाटतंय, त्याचं काय करू?

उत्तर : आधी लाजेचं बोलते. भावाचं दुःख तुला जंगलाने दिलं नाही, ते तू सोबत घेऊनच गेली होतीस. नऊ दिवस अर्धवट झोप, न वाळणारे मोजे, रात्रभर किड्यांची किरकिर, समोर तीच अठरा माणसं. अशा वेळी आतलं ओठावर यायला वेळ लागत नाही. थकव्यामुळे बोललीस म्हणून ते खोटं ठरत नाही.

चूक झाली, पण ती तुझी नाही. मी बावीस वर्षं विद्यार्थ्यांना जंगलात नेते आहे. सुरुवातीच्या एका शिबिरात मीही शेवटच्या रात्री असाच गोल केला होता. एक मुलगा गप्प बसला होता. मी त्याला म्हटलं, “तूही बोल रे, मोकळं वाटेल.” तो बोलला. सकाळी मात्र माझ्याकडे न बघता सॅक भरत होता. सॅकची चेन अडकली होती आणि ती ओढणारा त्याचा हात थरथरत होता. तो हात मला आजही दिसतो. नंतर मी त्याला पत्र लिहून माफी मागितली आणि शेवटच्या रात्रीचा गोल कायमचा बंद केला. बोलायचंच असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ज्याला हवं त्याने बोलावं, म्हणजे पुढचे दिवस बरोबर माणसं असतात. रात्री मन उघडं करायला लावून सकाळी गाडीत बसवून देणं बरोबर नाही. हे तुमच्या संयोजकांना लिहून कळव. रागाने लिहिलंस तरी चालेल.

ग्रुपवरच्या शांततेचा फार अर्थ लावू नकोस. त्यांनाही तुझ्यासारखंच अवघडल्यासारखं होत असणार. त्या अठरांतल्या एकाच कुणाला तरी फोन कर.

आता जंगलातच राहण्याबद्दल. तू स्वतः रोपटी मोजली आहेस, त्यामुळे तुला हे लगेच कळेल. वर्षावनाच्या जमिनीवर वरच्या उजेडातला जेमतेम एक-दोन टक्के पोचतो. त्या काळोखात कितीतरी रोपटी वर्षानुवर्षं चार पानांवर थांबून असतात. एखादं मोठं झाड कोसळतं, उजेड खाली येतो आणि ती सरसर उंच होतात. पण त्या उजेडात वाढलेलं सगळंच टिकत नाही. काही वेलींखाली दबतात, काही शेजारच्याच्या सावलीत मरतात. टिकलं कोण, हे पुन्हा जाऊन मोजल्याशिवाय कळत नाही.

पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरच्या एका तुकड्यात सेंटिमीटरभर किंवा त्याहून जाड असलेलं प्रत्येक खोड मोजून त्याची नोंद ठेवलेली आहे. दोन लाखांच्या वर खोडं आहेत ती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून साधारण दर पाच वर्षांनी माणसं पुन्हा त्याच खोडाशी जाऊन उभी राहतात. पहिल्या मोजणीत झाड आहे एवढंच कळतं. वाढतंय की खंगतंय, ते दुसरी मोजणी सांगते.

तुझी पहिली मोजणी झाली आहे. जंगलात का जावंसं वाटतं ते आज वहीत तारीख घालून लिही. तीन महिन्यांनी, आधीचं न वाचता, पुन्हा लिही. तोवर शिक्षण सोडू नकोस. मधल्या सुट्टीत एखाद्या संशोधकाबरोबर पंधरा दिवस जा. तिथे रात्रीचा गोल नसेल. पावसात टेप धरायची, घोट्यावरच्या जळवा काढायच्या, भिजलेल्या कागदावरचे आकडे संध्याकाळी पुन्हा उतरवायचे. मला हे काम मनापासून आवडतं, पण त्यात रडू येण्यासारखं फारसं काही नसतं. पंधराव्या दिवशीही तुला तिथेच थांबावंसं वाटलं, तर माझ्यासाठी तो भक्कम पुरावा आहे.

आणि घरी एकदा बोल. अठरा परक्यांना सांगितलंस त्यातलं एकच वाक्य, घरातल्या एकालाच, जेवणं आटोपल्यावर सांग. झोप आणि भूक उडाली असेल तर मात्र समुपदेशकाकडे जायला उशीर लावू नकोस.

दुसऱ्या मोजणीनंतर मला लिही. त्या पत्रात भावाचं नाव लिही. या पत्रात ते कुठेच नाही.