शंका-समाधान : एल्फिन्स्टन मूळचे कुठले?

प्रश्न : प्रभादेवी स्टेशन पूर्वी एल्फिन्स्टन रोड होतं, एल्फिन्स्टन कॉलेज तर आहेच. हे आडनाव इंग्लंडात सर्रास असतं का? आज त्या आडनावाची माणसं शोधायची तर कुठे?
– एक वाचक, परळ

उत्तर : इंग्लंडात नाही, स्कॉटलंडात शोधा, आणि तिथेही हे आडनाव विरळाच. एडिनबरोच्या पूर्वेला ट्रॅनंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं लहानसं गाव आहे. मध्ययुगात तिथल्या जमीनदारांनी गावाचंच नाव लावलं, आपल्याकडे पाटणचे पाटणकर झाले तसं. गाव एवढंसं, म्हणून नाव लावणारेही थोडे. तिथली जुनी गढी खाली कोळशाच्या खाणी असल्यामुळे खचली आणि १९५५ मध्ये बहुतेक पाडावी लागली. मला याची फार हळहळ वाटते.

घराण्यातले काही जण फोर्थ नदीकाठी, एअर्थजवळ राहायला गेले आणि तिथल्या गढीलाही एल्फिन्स्टनच म्हणू लागले. त्यामुळे जुन्या कागदात हे नाव दिसलं, की आधी परगणा बघायचा. एक शाखा अ‍ॅबरडीनशायरातही होती. अ‍ॅबरडीन विद्यापीठाचा पाया १४९५ मध्ये घालणारे बिशपही विल्यम एल्फिन्स्टनच.

आता मुंबईचं. मी त्याच कॉलेजात शिकले, म्हणून हे मुद्दाम सांगते : कॉलेजचे एल्फिन्स्टन वेगळे आणि स्टेशनचे वेगळे. कॉलेजचे माऊंटस्टुअर्ट, १८१९ ते १८२७ या काळातले गव्हर्नर. ते निघाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावाने शिक्षणासाठी वर्गणी जमवली, त्यातून ही संस्था उभी राहिली. स्टेशनचे लॉर्ड जॉन, १८५३ ते १८६० मधले गव्हर्नर, म्हणजे माऊंटस्टुअर्टचे सख्खे पुतणे. दोघेही अविवाहित, त्यामुळे आजच्या कुठल्याही एल्फिन्स्टनला या दोघांचा वंशज समजू नका.

शोध घ्यायचाच असेल तर स्कॉटलंडच्या सरकारी नोंदी १८५५ पासूनच्या आहेत आणि त्या फार उपयोगी. मृत्यूच्या नोंदीतसुद्धा आई-वडील दोघांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट, लिहिलेली असतात. त्या काळच्या इंग्लंडातल्या मृत्यूनोंदीत ती नसत. त्याआधीचं हवं असेल तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळाव्या लागतील. स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ कधी असतो, कधी नसतो. दोन्ही तऱ्हांनी शोधा.