वर्षासन: 'अशन' की 'आसन'?

प्रश्न एका शिक्षिकाबाईंचा आहे. त्या 2006 साली नोकरीला लागल्या आणि आता निवृत्त होताहेत. हातात पडलेल्या अर्जात लिहिलंय की पेन्शन खात्यात साठलेल्या रकमेपैकी किमान 40 टक्क्यांची 'वार्षिकी' विकत घ्यावी लागेल, म्हणजे तेवढे पैसे विमा कंपनीला द्यायचे आणि त्या बदल्यात तिने ठरलेली रक्कम देत राहायची. बाई विचारतात, "पैसे दरमहा येणार, मग त्याला वार्षिकी कसं म्हणायचं? जी विकत घ्यायची ती पेन्शन कशी? आणि आमच्याकडच्या माजी आमदारांनाही निवृत्तिवेतन मिळतं, पण ते निवृत्त झालेले काही दिसत नाहीत. शब्द चुकलाय की माणसं?"

शेवटच्या प्रश्नाकडे येतोच. आधी माझं एक गाऱ्हाणं. 'पेन्शनची खैरात' हे शब्द हल्ली चर्चांमध्ये इतक्या वेळा कानावर पडतात की उठून टीव्ही बंद करावासा वाटतो. 'खैर' म्हणजे भलं, 'खैरात' हे त्याचं अरबी अनेकवचन, म्हणजे भली कामं, दानधर्म. दानधर्म स्वतःच्या खिशातून करायचा असतो. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिशी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा या पेन्शनरच्या खटल्यात 17 डिसेंबर 1982 ला सांगून टाकलं. तोच दिवस पेन्शनर मंडळी 'पेन्शनर दिन' म्हणून पाळतात. तरी खैरात ती खैरातच.

ऱ्हस्वदीर्घाचंही उरकून घेऊ, कारण ते कोणीतरी विचारणारच. सुटा शब्द 'निवृत्ती', समासात 'निवृत्तिवेतन'. बुद्धी आणि बुद्धिमान, तसंच. महाराष्ट्र सरकारच्या 1982 च्या पेन्शन नियमांच्या नावात 'निवृत्तिवेतन' असं बरोबर छापलंय, आणि त्याच नियमांचा आधार घेऊन लिहिलेल्या पत्रांत 'निवृत्तीवेतन' असतं.

आता वार्षिकी. इंग्रजी 'ॲन्युइटी'च्या पोटात लॅटिन 'आन्नुस' म्हणजे वर्ष आहे. भाषांतर करणाऱ्याने ते वर्ष तेवढं उचललं आणि त्याला ईकार लावून दिला. बाई, तुमची शंका रास्त आहे. 'वार्षिकी' म्हटलं की मला तरी वर्षातून एकदा निघणारा एखाद्या संस्थेचा अंक आठवतो, मुखपृष्ठावर समई आणि आत जाहिराती.

वाईट याचं वाटतं की या वस्तूला मराठीत चांगला नांदता शब्द होता. वर्षासन! पेशवाईच्या कागदांत पानोपानी भेटतो. कुणा वैदिकाला, कुणा शास्त्रीबुवांना, कुठल्या देवस्थानाला वर्षासन. आणि हा शब्द ज्याने घडवला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो, कारण तो आहे वर्ष अधिक अशन. अशन म्हणजे खाणं. एका माणसाचं वर्षभराचं जेवण! हुद्दा, सेवेची वर्षं, शेवटचं मूळ वेतन, यातलं शब्दात काही नाही. वर्षभर या माणसाच्या पानात अन्न पडलं पाहिजे, एवढंच आहे.

परवा एका व्याख्यानात एक नामांकित गृहस्थ ठासून सांगत होते की वर्षासन म्हणजे 'वर्षभराचं आसन', विद्वानाला दरबारात मिळणारा मान. सभागृहाने टाळ्याही दिल्या. अहो, मानाचं आसन वर्षाच्या बोलीने देतात का? वर्ष संपलं की सतरंजी काढून घेणार? वर्षासनात मिळायची रोख रक्कम, कधी धान्य. धान्यावर बसत नाहीत. 'अशन' हा काही मेलेला शब्दही नाही. अन्नप्राशनात तो आहे, अशनवसनात आहे, आणि अनशनात तर रोज वर्तमानपत्रात असतो. कोशांत 'वर्षाशन' आणि 'वर्षासन' अशी दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदतात. ते कोश एकदा उघडून पाहायची तसदी घेतली असती तर टाळ्या थोड्या कमी पडल्या असत्या, पण बोलणं बरोबर झालं असतं.

मग 'श'चा 'स' झाला कसा? सरळ उत्तर असं की बोलीत ते होतंच. देश-देस, शाळा-साळा. त्यात मागे 'र्ष' उभा, म्हणजे जीभ अडखळणारच. पण माझा आपला एक लाडका तर्क आहे आणि तो मी सोडणार नाही. शब्द एकाच्या तोंडी राहिला नाही, दोघांच्या तोंडी गेला. जो घेणारा होता त्याच्या डोळ्यापुढे ताट होतं, तो 'अशन' म्हणाला. जो देणारा होता तो गादीवर बसलेला, त्याला जिकडेतिकडे आसनच दिसणार. दफ्तर देणाऱ्याचं असतं, म्हणून लेखनात 'स' जिंकला. पुरावा नाही. तर्क मात्र मला दिवसेंदिवस पटत चालला आहे.

फारसीवाले याच वाटेने गेलेत, पाहा. 'तनखा' हा मूळचा 'तनख्वाह'. तन म्हणजे शरीर, ख्वाह म्हणजे हवंसं असणारा. शरीराला जे लागतं ते. पुन्हा जेवणच! पोर्तुगीजांकडून आलेला 'पगार' तेवढा वेगळ्या वळणाचा. तो 'पागार' म्हणजे देणे या क्रियापदातून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'पाकारे' आहे, शांत करणे. एक तारखेला माणूस शांत होतो हे खरंच आहे. 'पेन्शन' तोलण्यावरून, चांदी तोलून द्यायचे तेव्हाचा. 'सॅलरी'तल्या मिठाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती गाळतो.

वर्षासनं आणि इनामं दोन तऱ्हांची असत, वंशपरंपरा किंवा 'हीनहयात'. या शब्दातला 'हीन' संस्कृत नव्हे, अरबी आहे, आणि त्याचा अर्थ काळ. हीनहयात म्हणजे हयात असेपर्यंत. एका माणसासाठी हा भेद फार महागात पडला. दुसऱ्या बाजीरावाने 1818 मध्ये गादी सोडली तेव्हा कंपनीने त्याला वर्षाला 8 लाख रुपये कबूल केले. जानेवारी 1851 मध्ये तो बिठूरला वारला आणि कंपनीने दत्तकपुत्र नानासाहेबांना कळवलं की नेमणूक हीनहयात होती, संपली. नानासाहेबांचं म्हणणं, ती घराण्याची होती. त्यांचा दूत अझीमुल्लाखान थेट लंडनला जाऊन आला, हात हलवत. पुढचं 1857 सगळ्यांना माहीत आहे. एका पेन्शनीच्या अटीवरून एवढं होऊ शकतं. नंतर संस्थानिकांचे 'तनखे' घ्या. संविधानाच्या अनुच्छेद 291 मध्ये त्यांची हमी लिहिलेली होती. 1971 च्या 26 व्या दुरुस्तीने तो अनुच्छेदच काढून टाकला. तनखे बंद झाल्याचं मला दुःख नाही, होणं योग्यच होतं. पण संविधानात लिहून दिलेली रक्कमही पुसता येते हे लोकांनी त्या दिवशी पाहिलं. अशा गोष्टी लोक विसरत नाहीत.

जुन्या सनदांच्या शेवटी एक ठरीव वाक्य येतं. गावच्या अधिकाऱ्यांना बजावलेलं असतं की मूळ कागद वाचून, त्याची नक्कल ठेवून, अस्सल परत द्यावा आणि 'प्रतिवर्षी नवीन पत्राचा आक्षेप न करणे'. म्हणजे दर वर्षी येऊन नवा कागद मागून या माणसाला छळू नका.

दर नोव्हेंबरात मला हे वाक्य आठवतं. आमच्या आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. हयातीचा दाखला द्यायला मी तिला बँकेत न्यायचो. ठसे घेण्याचं यंत्र आल्यावर तर मजाच झाली. आईच्या अंगठ्याच्या रेषा भांडी घासून घासून पुसट झालेल्या. अंगठा ठेवला की लाल दिवा. समोरच्या मुलाने ओल्या फडक्याने अंगठा पुसला, पुन्हा लाल. "आजी, दुसरं बोट ठेवा." दुसरं, तिसरं, मग डावा हात. शेवटी आई म्हणाली, "बाळा, मी इथे तुझ्यासमोर उभी आहे, ते चालत नाही का?" त्याला बिचाऱ्याला हसावं की रडावं कळेना. चालत नव्हतं.

तर आता बाईंचा दुसरा प्रश्न, विकत घ्यायची ती पेन्शन कशी. याचं उत्तर योजनेच्या नावात आहे, पण नाव असं ठेवलंय की कोणाला कळू नये. 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत आलेल्यांना 'परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना' लागू झाली. परिभाषित! परिभाषा म्हणजे शास्त्रातल्या संज्ञांची ठरवलेली भाषा. इथे म्हणायचं होतं 'ठरीव', आणि कोशात पहिला सापडला तो शब्द डकवला. पुढे 'अंशदान'. पगारातून दरमहा 10 टक्के कापायचे आणि त्याला दान म्हणायचं? आपल्याकडे गल्लीतल्या पोरांनाही 'वर्गणी' हा शब्द माहीत आहे. 'ठरीव वर्गणीची पेन्शन' म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी शिपायापासून सगळ्यांना समजलं असतं की ठरलेली आहे ती आत घालायची रक्कम. बाहेर किती येईल ते बाजार सांगेल, आणि जे साठेल त्यातून पेन्शन आपणच विकत घ्यायची. जुन्या योजनेत उलटं होतं, शेवटच्या पगाराच्या निम्मं असं बाहेर येणारं ठरलेलं होतं. हा फरक लोकांना कळायला पंधरा वर्षं लागली, आणि कळला तेव्हा भरवसा उडाला तो योजनेबरोबर शब्दांवरचाही. मार्च 2023 च्या संपातली घोषणा आठवा: 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. त्यातले दोन्ही मुख्य शब्द लॅटिन. 'जुने निवृत्तिवेतन' कोणी ओरडलं नाही. नुसता यमकाचा प्रश्न नव्हता तो. पेन्शन या शब्दावर आजोबांच्या काळापासून विश्वास होता, निवृत्तिवेतन हा फक्त परिपत्रकातला शब्द.

आणि माजी आमदार. 'माजी'चा माजाशी संबंध नाही, हे आधीच सांगतो, कारण ही व्युत्पत्ती दर निवडणुकीला फिरते. माज आला संस्कृत 'मद्'वरून, माजी आला अरबी 'माझी'वरून, गेलेला, सरलेला. 'आजी-माजी'तला आजी मात्र घरचा, आजचा तो आजी. दोघांत यमक जुळलं हा योगायोग, आणि माजी म्हणताच ऐकणाऱ्याला माज आठवतो यात भाषाशास्त्राचा दोष नाही. 2016 साली विधिमंडळाने आपल्या माजी सदस्यांचं निवृत्तिवेतन महिना 50 हजार केलं. पाच वर्षांवरच्या प्रत्येक वर्षाला वेगळी भर. माजी खासदारांचं 2025 मध्ये 25 हजारांवरून 31 हजार झालं. इकडे खासगी नोकरीवाल्यांच्या ईपीएस-95 या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतली किमान पेन्शन 2014 साली 1,000 रुपये ठरली होती. निवृत्तिवेतनातल्या 'निवृत्ति'चा अर्थ मागे वळणं, परत फिरणं. पराभूत उमेदवार परत फिरतो तो पुढच्या तिकिटासाठी. त्यामुळे त्याच्या रकमेला हा शब्द लावणं व्याकरणात बसतं, अर्थाच्या दृष्टीने बसत नाही. मला विचाराल तर तिथेच 'वर्षासन' योग्य, आणि आमच्या त्या व्याख्यातेबुवांच्या व्युत्पत्तीने. हो, एवढ्या एका ठिकाणी त्यांचं आसन मी मान्य करतो.

हे 'करिअर पॉलिटिशियन'ला 'पेशेवर राजकारणी' म्हणणंही बंद करा. पेशेवर हिंदीत ठीक आहे. आपल्याकडे 'धंदेवाईक' आहे, आणि त्यातली चव पेशेवरला यायची नाही.

बाईंच्या अर्जाचं राहिलंच. तिथे 'वार्षिकी' हाच शब्द ठेवा, वर्षासन लिहिलंत तर अर्ज परत येईल. खाली हप्ता कसा हवा हे विचारणारा रकाना असेल. तिथे 'मासिक'वर खूण करा.