गेटवरची वही

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पुरवठादारांच्या बिलांची पद्धत बदलण्याचे काम तुझ्याकडे आले, तू चार महिने आराखडे काढलेस, आणि स्टोअरची माणसे मान डोलावून जुनेच करत राहतात. त्यांच्या विरोधाबद्दल दीड पान आहे. त्यांच्या कामाबद्दल एक ओळही नाही. स्टोअरमध्ये एक अख्खी पाळी बसून काढलीस का?

फोर्डचा दाखला तू दिला आहेस. अमेरिकेतले व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये सांगितलेली ती हकिकत आमच्या पिढीलाही पाठ होती: फोर्ड मोटार कंपनीच्या देयक विभागात ५०० हून अधिक माणसे, जपानच्या माझ्दा मोटार कंपनीकडे त्याच कामाला ५. संगणक लावून २० टक्के माणसे कमी करण्याचा पहिला बेत सोडून फोर्डने पुरवठादाराचे बिलच रद्द केले. माल उतरताच ऑर्डरशी जुळला तर पैसे, न जुळला तर माल परत. त्या ‘माल परत’वर तू थांबला नाहीस. तुमच्याकडे चाळीस नग कमी घेऊन गाडी आली आणि उत्पादनाची लाइन त्या नगांसाठी खोळंबली असेल, तर गाडी परत पाठवण्याची कोणाची छाती आहे? मग स्टोअरकीपर माल घेतो आणि चलनावर पेन्सिलीने काहीतरी लिहितो. ते काय लिहितो, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

मी बसलो नव्हतो. ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली, आल्यावर गेटवरची जुनी वही मी एका परिपत्रकाने बंद केली. पुरवठादारांचे परत जाणारे रिकामे क्रेट त्याच वहीत मोजले जात, आणि ईआरपीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. वर्षअखेरीस क्रेटांच्या भरपाईचे दावे आले, तेव्हा आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता. “वहीत होतं, साहेब,” एवढेच तो गेटवरचा माणूस म्हणाला. वही बंद करणे चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. एकच नोंद दोनदा कशाला करायची? न विचारता बंद केली, ही चूक. अर्थात माझ्यावरही तारखेचा दट्ट्या होता, आणि विचारायला सवड कोणी दिली नव्हती.

तुलाही १ एप्रिलची तारीख दिली आहे, हे वाचले. म्हणून तर पुन्हा सांगतो, स्टोअरमध्ये जाऊन बस. सल्लागाराच्या तक्त्यांवर रात्री जागवतोस आणि गेटवर एक सकाळ काढायला वेळ नाही म्हणतोस, याचा मला राग येतो. सोमवारी पहिल्या पाळीला जा. लॅपटॉप नेऊ नकोस. पहिली गाडी उतरेपर्यंत काही विचारू नकोस, आणि ती उतरली की पेन्सिलीने लिहिलेले तेवढे वाचून घे.